वेशीचा तिसरा भाग

३ नोव्हेंबर, मंगळवार

आज नव्या कादंबरीचे तीन तुकडे केले. एवढं जाड पुस्तक एका वाचकाकडे गेलं की महिनाभर उगवत नाही आणि बाकीचे काउंटरवर येऊन माझं डोकं खातात. म्हणून शिवण उसवायची, तीन भाग करायचे, प्रत्येकाला वेगळा पुठ्ठा चढवायचा. एका वेळी तिघं वाचतात. ही ह्यांची युक्ती. वाचनालय सुरू केलं त्या वर्षापासून आम्ही असंच करत आलो. हे आधी वाचून, प्रकरण कुठे संपतंय ते बघून कापायचे. मला तेवढा धीर नाही. मी जाडी बघून कापते.

खळ शिजवली तेव्हा मागच्या खोलीत तोच जुना वास पसरला. पूर्वी दुपारी गिऱ्हाईक नसायचं. हे आत शिवत बसायचे, मी काउंटरवर मोठ्याने वाचायचे आणि गल्लीपलीकडे कुलपांच्या दुकानात किल्लीवर कानस चालायची. गल्ली इतकी अरुंद की गोष्ट रंगात आली की कानस थांबायची, ते इकडे कळायचं. कधी पलीकडून आवाज यायचा, "वहिनी, जरा मोठ्याने." मग हे आतून ओरडायचे, "फुकट्या, वर्गणी भर आधी." तिघंही हसायचो. फार सुखाच्या दुपारी होत्या त्या, आणि तेव्हा आम्हाला त्या नुसत्या मंदीच्या वाटायच्या.

कानस अजून चालते. मी मोठ्याने वाचत नाही.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

नर्सबाईंनी पहिला भाग दोन दिवसांत संपवून परत आणला. बाई पस्तिशीची, कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलात असते, बोलणं इंजेक्शनसारखं, टोचून मोकळी. आज मात्र डोळे सुजलेले. दुसरा भाग हातात घेऊन उभ्याउभ्याच मला गोष्ट सांगत बसली.

तटबंदीचं शहर. वेशीच्या रखवालदाराची मुलगी एका रात्री छोटं दार उघडते, कारण बाहेरून आलेला आवाज तिच्या ओळखीचा असतो. त्या आवाजामागे फौज असते. शहर जळतं. तेव्हापासून मुलीला शाप लागतो, तिच्या हाताने कुठलंच दार बंद होत नाही. ती ढकलते, दार परत उघडतं. आयुष्यभर उघड्या दाराच्या खोलीत झोपायचं. आणि त्याच शहराचा राजपुत्र, ज्याचं कुणी उरलेलं नाही, तो तिला मारायची शपथ घेऊन शोधत असतो. सापडते तेव्हा बर्फातली खिंड ओलांडायला त्याला तीच एक वाटाडी असते.

"आणि मग दोघांचं जमतं," मी म्हटलं.

"काकू, इतक्यात कुठलं. पहिला भाग संपला तरी तो तिला धड पाणीसुद्धा विचारत नाही."

"मग वाचता कशाला?"

"त्याच्यासाठीच तर वाचते," असं म्हणून निघून गेली. कॉलेजच्या मुलींनी पुस्तकाला 'वेस' असं नाव पाडलंय. दिवसभर वेस आहे का, वेस आली का, चालू आहे.

११ नोव्हेंबर, बुधवार

लोक कशाने वेडे होतात ते बघावं म्हणून मीही पहिला आणि दुसरा भाग वाचला. लिहिलंय बरं, पण ती मुलगी मला अजिबात आवडली नाही. दार उघडायचं आणि मग पानंच्या पानं रडायचं. रडून गेलेलं परत येतं का? राजपुत्राचं मला पटतं. त्याचं घरदार गेलं, त्याने काय तिच्या पाठीवरून हात फिरवायचा?

एक गंमत मात्र आहे. लेखिका दर दोन पानांनी सांगते की तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि मग तिच्या केसांत अडकलेली काडी, फाटलेली बाही, गालावरचा ओरखडा, सगळं त्याच्याच नजरेने सांगते. न बघणाऱ्याला इतकं कसं दिसतं?

नर्सबाईंनी आज तिसरा भाग परत केला तो काउंटरवर आपटूनच. "शेवट लिहायचा राहिला वाटतं बाईंचा," म्हणाली. शेवट काय ते मात्र मला सांगेना. तुम्हीच वाचा म्हणाली. आता तिसरा भाग मीच घेऊन बसले आहे. मुलींना थांबू दे दोन दिवस.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

आज समोरचा कुलूपवाला वाचनालयात आला.

दुपारी चारच्या सुमारास पायरीशी उभा राहिला. मला वाटलं, चुकून. मी काही त्याच्याकडे पाहिलं नाही. करडा सदरा, कोपराला ठिगळ, स्वतःच लावलेलं असणार, कारण दोरा काळा होता. केस पार पांढरे झालेत आणि मागे उजवीकडे न्हाव्याने वरखाली केलेत. चष्मा नवा आहे, तो त्याला शोभत नाही.

"सभासद व्हायचंय," तो म्हणाला.

मी रीतसर अर्ज काढला. "नाव?"

त्याने निमूटपणे नाव सांगितलं.

"पत्ता?"

"समोर," तो म्हणाला.

मी तेही लिहिलं. "कुठलं पुस्तक?"

"ते वेशीचं. नर्सबाई म्हणाल्या, चांगलं आहे."

पहिला भाग दिला. तो पुस्तक दोन्ही हातांत धरून गेला. त्याच्या बोटांना अजून पितळेचा वास येतो. म्हणजे येत असणार, मी काही वास घ्यायला गेले नव्हते.

आता लिहायला बसलेच आहे तर लिहूनच टाकते, इतकी वर्षं ह्या वहीतसुद्धा टाळलं. हे गेले तेव्हा मी काही दिवस घराबाहेर पडले नव्हते. त्या दिवसांत धाकटे दीर येऊन समोरच्याला म्हणाले, वहिनीने पाठवलंय, किल्ली सापडत नाही, शटर उघडून दे. ह्याचा धंद्यातला नियम होता, मालकाचा चेहरा समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. हे त्याची त्यावरून चेष्टा करायचे. तोच नियम त्याने त्या दिवशी मोडला. दिरांना लहानपणापासून बघितलेलं, म्हणून उघडून दिलं. दिरांनी टेम्पो आणून तीन कपाटं पुस्तकं नेली, सगळी ह्यांच्या हातची शिवलेली. मला कळेपर्यंत ती रद्दीत गेली होती. दीर पुन्हा कधी तोंड दाखवायला आले नाहीत.

हा मात्र मला कळलं त्याच संध्याकाळी घरी आला. दाराबाहेर उभा. मी म्हटलं, "तुमच्या हाताला कुलूप कळतं, माणूस कळत नाही." तो आला तसा परत गेला. मग मी त्याच्याशी बोलले नाही, ते आजतागायत. अकरा वर्षं झाली. काही सांगायचंच असलं तर मी गल्लीला उद्देशून सांगते, "इथे सायकल लावू नये." आणि सायकल हलते.

१६ नोव्हेंबर, सोमवार

पहिला भाग परत आला. पानाचा कोपरासुद्धा दुमडलेला नाही. मी दुसरा भाग पुढे केला, तेव्हा तो आपणहून बोलला.

"बाहेरचा आवाज ओळखीचा होता, असं त्यांनी दोनदा लिहिलंय. एकदा पुरलं असतं."

"का?"

"दुसऱ्यांदा लिहिलं की ती सबब वाटते."

इतकं लक्ष देऊन वाचणारा सभासद मला आवडतो. पण म्हणजे हा नाही.

नंतर नर्सबाई आली, तिने वेगळीच बातमी आणली. समोरचा दुकान सोडतोय. मुलीने आपल्या गावी बोलावलंय, एकटं किती दिवस राहणार म्हणून. अठ्ठावीसला ट्रक येणार, शनिवारी. मी म्हटलं, बरं झालं. खरंच बरं झालं. त्या जागी कुणीतरी मोबाईलची कव्हरं विकेल, दिवसभर गाणी लावेल. लावू दे.

रात्री जेवण गेलं नाही. पोट बिघडलं असावं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

शेजारचा शिंपी सकाळी शटरशी झोंबत होता. दोघांनी मिळून वर ढकललं. माझं एका हाताने जातं, आवाजही होत नाही. ह्यांनी घेतलेलं शटर आहे, जुन्या मालाची गोष्टच वेगळी, इतक्या वर्षांत मी तेलाचा थेंब घातलेला नाही. शिंप्याला तेच सांगितलं. तो माझ्याकडे बघून हसला आणि एकदा समोरच्या दुकानाकडे बघून आत गेला. रविवारच्या सुट्टीत मात्र माझ्या दारात कुणीतरी मोटरसायकल लावतं. सोमवारी कडेला तेलाचे डाग असतात.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरा भाग जिथे संपतो ती जागा आज मला नीट आठवली. पुलावर दोघं उभे असतात, ती त्याला पहिल्यांदाच सरळ विचारते, "तुम्ही मला कधी माफ कराल का?" आणि पुढे पुठ्ठा. जाडी बघून कापलं की हे असं होतं. हे असते तर त्यांनी मला चांगलं धारेवर धरलं असतं.

आठवायचं कारण, समोरच्याने दुसरा भाग आणून ठेवला आणि विचारलं, "तिसरा?"

"बाहेर गेलाय," मी म्हटलं.

तिसरा भाग माझ्या गुडघ्याशी खणात होता. तो बरं म्हणाला आणि गेला. जाताना पायरी चुकला.

का खोटं बोलले? एक तर माझा वाचून नुकताच झाला होता आणि शेवट अजून पचला नव्हता. शेवटी ती मुलगी एका घराचं दार ओढते आणि दार पहिल्यांदाच लागतं. राजपुत्र तिथे उभा असतो. तो काही बोलत नाही. संपलं पुस्तक. माफ केलं की नाही, एक अक्षर नाही. नर्सबाई चिडली ते बरोबरच. मग तिसरा भाग मिळूनही समोरच्याला असं काय मोठं मिळणार होतं? पण खरं कारण ते नाही. त्याने विचारावं आणि मी नाही म्हणावं, ह्यात मला बरं वाटलं. आणि दुकान बंद करेपर्यंत ते बरं वाटणं गेलंही.

२१ नोव्हेंबर, शनिवार

नर्सबाईला विचारलं, असल्या गोष्टीत तुम्हा मुलींना दिसतं तरी काय. जगात चांगल्या मुलांचा दुष्काळ आहे का, की जो गळा कापायला निघालाय त्याच्यावरच जीव जडावा?

ती नेहमीसारखी फटकन बोलली नाही. पिशवी खाली ठेवून काउंटरला टेकली.

"काकू, आमच्या वॉर्डात एक पेशंट गेला मागे. माझी ड्यूटी होती. सगळे म्हणाले, तुझं काही चुकलं नाही. डॉक्टर म्हणाले, आई म्हणाली, मैत्रिणी म्हणाल्या. माझ्यावर माया करणारे सगळे. मला प्रत्येकाचा राग आला. त्यांना कुठे काय माहीत होतं?"

"मग?"

"मग त्या पेशंटची बायको एकदा कॉरिडॉरमध्ये भेटली. आधी माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. त्या दिवशी म्हणाली, सिस्टर, जेवलात का? बस. त्या रात्री मला झोप लागली." तिने रुमालाने नाक पुसलं. "ज्याचं घर जळलं त्यानेच म्हणायला हवं, काकू. बाकीच्यांनी म्हणून काय उपयोग. आणि तो तर तिचं सगळ्यात वाईट ते आधीच जाणतो. त्याच्यापासून तिला काही लपवायचं उरत नाही. असा माणूस जवळ आला तर मग जवळच आला."

मी म्हटलं, पुस्तकात छान वाटतं हो. ती गेल्यावर मात्र लक्षात आलं. मी आजवर त्या मुलीचाच विचार करत होते, ती कशी वाईट, ती काय करते. राजपुत्राला तिला इतकी वर्षं थांबवून काय मिळालं, हे मी बघितलंच नव्हतं. पाहायला गेलं तर तोही उघड्यावरच झोपत होता.

२५ नोव्हेंबर, बुधवार

समोर आवराआवर चाललीय. भिंतीवरच्या फळीवर किल्ल्यांच्या माळा असायच्या, त्यातल्या अर्ध्या उतरल्या, नुसते खिळे दिसतात. कानस बंद आहे. इतकी शांतता ह्या गल्लीत मी कधी ऐकली नव्हती. मला चुकल्यासारखं होतंय, आणि त्याचं नसून आवाजाचं होतंय, असं मी सकाळपासून स्वतःला सांगतेय.

तो दुपारी येऊन गेला. "तिसरा आला का?"

"नाही अजून."

"शनिवारी मी नसेन."

"हो, ऐकलं."

तो थोडा घुटमळला. कपाटांकडे बघत होता, जिथे ती तीन कपाटं होती त्या भिंतीकडे. तिथे आता मी मासिकांचा रॅक ठेवलाय. "बरं," म्हणाला आणि गेला.

हे असते तर त्या शटरच्या भानगडीवर त्यांनी काय केलं असतं, हा विचार मी आज अकरा वर्षांत पहिल्यांदा केला. उत्तर लगेच मिळालं, म्हणूनच केला नव्हता. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी समोर जाऊन स्टुलावर बसून म्हटलं असतं, "गाढवा, तुला फसवलं त्याने." आणि दोघांनी चहा प्यायला असता.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

गेले. शेवटी मी समोर गेले.

सकाळपासून तिसरा भाग तीनदा खणातून काढला आणि आत टाकला. पाच वाजता पदराखाली धरून गल्ली ओलांडली. शिंप्याचं मशीन थांबलं, ते मला ऐकू आलं.

दुकान रिकामं. किल्ल्यांचं मशीन गोणपाटात बांधलेलं, भिंतीवर खिळेच खिळे. तो खोक्याला सुतळी बांधत होता. मला बघून उठला आणि स्टूल फडक्याने पुसलं.

"बसायला नाही आले. हे घ्या, तिसरा."

त्याने हात पुढे केला नाही. "चष्मा सामानात गेला," म्हणाला. चष्मा त्याच्या खिशातून डोकावत होता. "तुम्ही वाचलाय ना? तुम्हीच सांगा. केलं का त्याने माफ?"

खरं तेच सांगणार होते. पुस्तकात काही नाही, लेखिकेने वाचकांना लटकवलंय, असं वाक्य तोंडात तयार होतं. त्याच्याकडे बघितलं. ह्या वेळी बघितलं. सुतळी त्याच्या हातात तशीच होती, अर्धी गाठ मारलेली.

"केलं," मी म्हटलं.

"काय म्हणाला?"

आता आली का पंचाईत. जे लिहिलेलंच नाही ते मी कुठून आणणार? मी स्टुलावर बसले.

"म्हणाला, तुला आवाज ओळखीचा वाटला म्हणून तू दार उघडलंस. घरचाच माणूस वाटला तुला. हे मला पहिल्या दिवशीच कळत होतं."

"मग इतकी वर्षं?"

"माझं सगळं गेलं होतं, म्हणाला. ज्याने नेलं तो हाती लागत नव्हता. रागवायला समोर तूच होतीस. तू तेवढी समोरून हलली नाहीस."

तो खाली मान घालून ऐकत होता. अगदी पूर्वीसारखा, कानस थांबवून ऐकायचा तसा. "आणि ती?" त्याने विचारलं.

"ती काय म्हणणार. रडली."

"आणि तो?"

"तोही," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला, दुसरं काही नाही. "मग म्हणाला, पुरे झालं आता. राग सांभाळून सांभाळून मी म्हातारा झालो."

तो हसला. चेहरा भिंतीकडे करून हसला आणि खांद्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "चांगला शेवट आहे, वहिनी."

मी उठून आले. काउंटरवर बसल्यावर लक्षात आलं, तिसरा भाग माझ्याच हातात राहिलाय. मला फार रडू आलं आणि मी रडले. दोन मुली वेस मागायला आल्या, त्यांना वाटलं मी वाचून रडतेय. त्यांना तो भाग देऊन टाकला.

३० नोव्हेंबर, सोमवार

नर्सबाई आली. म्हणाली, "कुलूपवाल्या काकांनी तिसरा भाग नेला की नाही?"

मी म्हटलं, नाही, मीच त्यांना तोंडी शेवट सांगितला.

"पुन्हा कशाला? मी सांगितला होता की. लॉकरची किल्ली करायला मी गेले होते ना, तेव्हाच. त्यांनी तुमच्याकडून पहिला भाग नेला, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सबंध गोष्ट ऐकून घेतली. म्हणाले, माफ केलं की नाही ते लिहिलंच नाही? मी म्हटलं, नाही हो काका, दार लावलं आणि संपलं. मग म्हणाले, सभासद व्हायला काय लागतं."

माझे कान तापले. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मी तोंडावर धडधडीत खोटं सांगत होते आणि ते ऐकत होते. एकदाही अडवलं नाही. उलट मग तो काय म्हणाला, मग ती काय म्हणाली, असं विचारत राहिले. ठाऊकच होतं तर दोनदा तिसरा भाग मागायला तरी कशाला आले? माणसाचं मला काही कळत नाही. मी दिवसभर तिकडे बघायचंच नाही असं ठरवलं.

ट्रक शनिवारी येऊन जायला हवा होता. आज सोमवार, आणि समोरचं दुकान उघडं आहे. त्यांनी सकाळी गोणपाट सोडलं, मग एकेक करून खिळ्यांवर किल्ल्या अडकवल्या. वरच्या रांगेला हात पोचत नव्हता तेव्हा स्टुलावर चढले. ह्या वयात असं चढू नये. करडा सदरा धुतलेला होता, आणि केस मागून कुणाकडून तरी सारखे करून घेतलेत.

ट्रकवाल्यांचा काही नेम नसतो.